तुम्ही विचारलंत म्हणून: घरी बिअर-सायडर करायची सुरुवात

मे महिन्यात मुंबई-पुण्याची पोरं वेंगुर्ल्याला आली, की फणस फोडताना एक प्रश्न हमखास येतो. "काकी, ब्रिस्टॉलला तू घरी सायडर आणि बिअर करायचीस ना? आम्हाला सुरुवात करायची तर कशी करायची?" आता ओळखीपाळखीचेही विचारू लागलेत, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. सायडर म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेलं मद्य.

आधी कायद्याचं. ब्रिटनमध्ये १९६३ पासून स्वतःपुरती बिअर घरी करायला परवाना लागत नाही, फक्त विकायची नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय घरात मद्य करणं हा गुन्हा आहे, मग ते स्वतःपुरतं का असेना. त्यामुळे इथल्या घरात मी सायडर करत नाही आणि तुम्हीही करू नका. इथे मी करते ते आल्याचं फसफसतं सरबत. पण हात बसायला तेच उत्तम, कारण सायडरला जे जे सांभाळावं लागतं ते सगळं त्यात आहे.

खरं तर यातलं निम्मं तुम्हाला येतंच. सासूबाई रात्री आंबोळीचं पीठ भिजवायच्या आणि पहाटे आधी झाकण उचलून वास घ्यायच्या. एप्रिलात पीठ पाच-सहा तासांत वर यायचं, श्रावणात रात्रभर थांबावं लागायचं. आंबवण्याचं काम जिवाणू आणि यीस्ट करतात. आपण करायचं ते एवढंच, की त्यांना साखर द्यायची, मानवेल अशी ऊब द्यायची आणि नको त्या जंतूंना लांब ठेवायचं.

सायडर सगळ्यात सोपी. सफरचंदाचा साडेचार लिटर रस, पाच ग्रॅम यीस्ट, काचेची मोठी बरणी आणि तिच्या तोंडाला एअरलॉक, म्हणजे आतला वायू बाहेर जातो पण बाहेरची हवा आत येत नाही. रसाच्या डब्यावरचा मजकूर मात्र वाचायचा. टिकण्यासाठी सॉर्बेट घातलेलं असेल तर यीस्ट वाढतच नाही. हायड्रोमीटर, म्हणजे रस पाण्यापेक्षा किती दाट आहे ते दाखवणारी काचेची तरंगती नळी, सुरुवातीला १.०४८ दाखवतो, आणि दोन-तीन आठवड्यांनी साखर संपली की १.००० च्या आसपास येतो. दोन आकड्यांतल्या फरकाला १३१ ने गुणलं की अल्कोहोल कळतं, इथे सुमारे सव्वासहा टक्के.

हायड्रोमीटर घ्याच, हे मी कळकळीनं सांगते. पहिल्याच वर्षी बुडबुडे मंदावले म्हणून मी १.०१० वरच सायडर बाटल्यांत भरली. म्हणजे लिटरमागे पंचवीसेक ग्रॅम साखर अजून शिल्लक होती. बाटलीत फेस यायला सहा ग्रॅम पुरतात. रात्री जिन्याखालच्या कपाटात एक बाटली फुटली. सकाळी कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, माझ्या कमरेच्या उंचीवर, काचेचा बोटभर तुकडा लाकडात रुतलेला होता. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. त्यानंतर तीन दिवस आकडा हलला नाही तरच मी बाटल्या भरल्या.

बिअरला आणखी एक पायरी लागते. बार्लीत साखर नसते, पिष्ट म्हणजे स्टार्च असतं. बार्लीला मोड आणून वाळवली की माल्ट होतं आणि त्यातली विकरं (एन्झाइम) पिष्टाची साखर करतात. आपल्याकडे मोडाच्या नाचणीची पेज करताना हेच घडतं. साध्या पिठाची पेज घट्ट बसते, मोडाच्या पिठाची सैल आणि गोडसर होते. पण पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलंत तर विकरं मरतात. म्हणून माल्ट तासभर ६५ ते ६८ अंशांवर ठेवायचं, मग गाळून हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, घालून उकळायचं आणि थंड करून यीस्ट घालायचं.

किनाऱ्यावरची खरी अडचण उष्म्याची. एल, म्हणजे थंडीऐवजी साध्या उबेत आंबवायच्या बिअरचं नेहमीचं यीस्ट १८ ते २२ अंशांत खूश असतं. आपल्या मे महिन्यात माजघरातही तीस असतात, आणि एवढ्या उष्म्यात चवीला तिखट, औषधी झाक येते. नॉर्वेतल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेलं क्वाइक यीस्ट मात्र ३५ अंशांतही चांगलं चालतं. मला तर ते कोकणासाठीच जन्मल्यासारखं वाटतं.

आता आल्याचं. बरणी उकळत्या पाण्यातून काढा. दोन कप पाणी उकळून गार करा, त्यात सालासकट किसलेलं आलं आणि साखर दोन-दोन चमचे घाला, वर फडकं बांधा. साल काढू नका, यीस्ट सालीवरच असतं. रोज एकेक चमचा दोन्ही घाला. आपल्याकडे तीन-चार दिवसांत बुडबुडे येतात. मग लिटरभर पाण्यात आलं आणि शंभर ग्रॅम साखर उकळा, पूर्ण गार झाल्यावर लिंबू पिळा आणि बरणीतलं अर्धा कप पाणी गाळून घाला. आंबटपणासाठी कोकमाचं आगळ वापरू नका, त्यातल्या मिठानं यीस्ट मंदावतं. भरायला प्लास्टिकचीच बाटली घ्या आणि वर चार बोटं जागा सोडा. दर काही तासांनी दाबून बघा. बहुतेक एका दिवसात ती दगडासारखी लागेल, की लगेच फ्रीजमध्ये. तिथे आंबणं जवळजवळ थांबतं आणि अल्कोहोल नावापुरतंच राहतं. दोन दिवसांत प्या. उघडताना बाटली मोरीत धरा आणि झाकण अगदी हळू फिरवा.