तुम्ही विचारलंत म्हणून: खांद्यावरचं ओलं फडकं

३ डिसेंबरला, भोपाळ वायुकांडाच्या स्मृतिदिनी, इंदूरच्या राजवाड्यावर भाजी घ्यायला गेले की कुणीतरी विचारतंच, "ताई, खांद्याला हे ओलं फडकं कशाला?" सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: भोपाळचं दुःख इंदुरात कशाला वागवता?

१९८४ साली २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री भोपाळमधल्या युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यात ६१० क्रमांकाच्या टाकीत पाणी शिरलं, आतलं मिथाइल आयसोसायनेट हे विषारी रसायन तापलं आणि ४० टनांच्या आसपास विषारी वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. माझी आत्या तेव्हा स्टेशनजवळ राहायची. तोंडावर पदर धरून ती पळत सुटली. पदर कोरडा होता. हा वायू पाण्याशी संयोग पावतो, म्हणून ओल्या फडक्यात बराचसा अडकतो. पळू नका, ओलं फडकं नाकातोंडावर धरा, एवढं जरी कुणी ओरडून सांगितलं असतं तरी कितीतरी जीव वाचले असते. आत्या जगली, पण पुढे जन्मभर जिना चढताना चार पायऱ्यांवर थांबायची. ती धाप माझ्या कानात आहे.

दोनच आठवड्यांनी, १६ डिसेंबरला, उरलेला साठा संपवायला कारखाना पुन्हा चालू केला. तेव्हा मात्र कुंपणाला ओली कापडं टांगली होती, हेलिकॉप्टरमधून पाणी फवारलं होतं. हे मला अजून गिळवत नाही.

म्हणून माझी मागणी आहे, वीतभर पांढऱ्या सुती कापडाचा ओला तुकडा हे भोपाळचं अधिकृत राष्ट्रीय स्मृतिचिन्ह व्हावं. २ डिसेंबर हा राष्ट्रीय प्रदूषण नियंत्रण दिन आहे खरा, पण त्या नावात भोपाळ नाही. ब्रिटनमध्ये नोव्हेंबरात कोटावर युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचं लाल पॉपीचं फूल दिसलं की पोरंसोरं विचारतात आणि मोठ्यांना सांगावं लागतं. आपलं कापड तर दिवसभर वाळत राहणार, पुन्हा पुन्हा भिजवावं लागणार. शाळेतल्या मुलांनी ते स्वतःच्या हातानं भिजवावं, असं मला फार वाटतं.

राहिला इंदूरचा संबंध. जानेवारी २०२५ मध्ये कार्बाइडचा ३३७ टन कचरा १२ कंटेनरांतून पीथमपूरला आला आणि जूनअखेर तिथंच जाळला. पीथमपूर आपल्यापासून कितीसं लांब?

यंदाही दिल्लीला पत्र पाठवलंय, सोबत मलमलीचा तुकडा. पोचेपर्यंत तो कोरडाच असणार, म्हणून पत्राची पहिली ओळ लिहिलीय: आधी हा भिजवा, मग पुढचं वाचा.