आईचा पॉझिटिव्ह रिपोर्ट, माझी निगेटिव्ह टेस्ट आणि नाशिक ते न्यूअर्क

ही २०२२ ची गोष्ट, अमेरिकेला जायला कोविडचे कागद लागायचे तेव्हाची. परत येऊन दोन दिवस झाले होते, रात्री तीनला टक्क जागा होतो, म्हणून डोक्यात ताजं होतं तोवर लिहून टाकलं. जानेवारीत कोविड होऊन गेला असेल आणि अमेरिकेला जायचं असेल तर "एकदा खात्री करून घेऊ" म्हणून आरटीपीसीआर (लॅबमधली कोविड टेस्ट) करायला जायचंच नव्हतं. आम्ही तेच केलं आणि आठ दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही.

झालं असं की बहिणीची डिलिव्हरी फेब्रुवारी अखेरीस, न्यू जर्सीला. तिकिटं १९ फेब्रुवारीची. संक्रांतीनंतर घरात सगळ्यांना ताप आला. आईला १७ जानेवारीला लॅबमधे नेऊन आरटीपीसीआर केली, पॉझिटिव्ह. मी शहाणा, मेडिकलमधून किट आणलं, घरीच केलं, दोन रेषा आल्या, किट कचऱ्यात. तीन दिवसात दोघं ठणठणीत. एजंट म्हणाला, "काय टेन्शन घेता, १४ दिवस झाले की निगेटिव्ह येतोच." हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ते साफ खोटं आहे.

१० फेब्रुवारीला दोघांची ट्रायल टेस्ट केली. नाशिकच्या कॅनडा कॉर्नरला अमेरिकेची टेस्ट, हा विनोद मी रिपोर्ट यायच्या आधी केला होता. संध्याकाळी रिपोर्ट आला, माझा निगेटिव्ह, आईचा पॉझिटिव्ह, सीटी व्हॅल्यू ३३ (म्हणजे विषाणूचा अंश कमी). चोवीस दिवसांनी! आई रडायलाच लागली, तिला वाटलं परत झाला. वर आरोग्य विभागातून फोन, पेशंट कुठे आहे, होम आयसोलेशनमधे ठेवा. सगळं समजावून सांगता सांगता माझी अर्धी बॅटरी संपली.

मग रात्री आमच्या डॉक्टरकाकांकडे गेलो. ते हसलेच. म्हणाले, आरटीपीसीआर विषाणूचे मेलेले तुकडेसुद्धा पकडते, बरं झाल्यावर काही जणांचा रिपोर्ट तीन महिन्यांपर्यंत पॉझिटिव्ह येऊ शकतो, त्याचा अर्थ ती दुसऱ्याला देतेय असा नाही. आणि आपल्याकडे होम आयसोलेशन संपवायला परत टेस्ट लागतच नाही, तुला करायला सांगितली कुणी? एजंटचं नाव घेतलं नाही.

खरा नियम मी त्या रात्री सीडीसीच्या (अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था) साइटवर शांतपणे वाचला, जो महिनाभर आधी वाचायला हवा होता. २०२२ मधे अमेरिकेला जाताना दोनपैकी एक लागायचं. एक, विमान सुटायच्या आदल्या दिवशी किंवा त्यानंतर दिलेल्या सॅम्पलची निगेटिव्ह टेस्ट, आणि ती आरटीपीसीआरच हवी असं नव्हतं, अँटीजेनही चालायची. किंवा दुसरं, कोविड होऊन बरे झाल्याचे कागद, म्हणजे प्रवासाच्या आधीच्या ९० दिवसातला पॉझिटिव्ह रिपोर्ट आणि सोबत डॉक्टरांचं पत्र. म्हणजे आईचा १७ जानेवारीचा रिपोर्ट, जो आम्ही अशुभ म्हणून कपाटात कोंबला होता, तोच तिचा पास होता. आणि मी किट कचऱ्यात टाकून मोकळा झालेलो, त्यामुळे माझ्याकडे दाखवायला काहीच नाही, मला निगेटिव्ह टेस्ट करणं भाग. एकाच घरातला एकच कोविड, पण रस्ते दोन.

आता कागदांचं. रिपोर्टवर आईचं नुसतं नाव-आडनाव आणि वय ६३. पासपोर्टवर मधे बाबांचं नाव, आणि जन्मतारीख. नावाबरोबर जन्मतारीख किंवा पासपोर्ट नंबर असं दुसरं काहीतरी रिपोर्टवर लागायचंच, नुसत्या वयावर भागत नव्हतं. लॅबमधे गेलो तर म्हणे "फॉरेन रिपोर्ट"चे वेगळे १५०० रुपये. राज्य सरकारने डिसेंबर २०२१ मधे लॅबमधे जाऊन केलेल्या आरटीपीसीआरचा दर ३५० केला होता, घरी बोलावलं तर ७००, आणि हे नुसता पासपोर्ट नंबर टाइप करायचे १५०० मागत होते! अर्धा मिनिटाचं काम. मी काउंटरवरच उभा राहिलो, दराचा आदेश मोबाईलवर काढून दाखवला, मागे लाइन वाढत गेली, शेवटी फुकट करून दिलं. भांडा, लाजू नका. एजंट तर "रिकव्हरी सर्टिफिकेट पॅकेज" २५०० ला देत होता, कुठल्या डॉक्टरचं ते विचारलं तर "आपल्या ओळखीचे आहेत". अजिबात घेऊ नका, ही सरळ चोरी आहे.

डॉक्टरांचं पत्र लेटरहेडवरच घ्यायचं होतं. काकांनी पहिल्यांदा नेहमीच्या औषधाच्या कागदावर "फिट" एवढंच लिहिलं, तेही त्यांच्या अक्षरात. परत गेलो, टाइप करून घेतलं. त्यात पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख, पॉझिटिव्ह टेस्टची तारीख, बरी झाली आहे आणि "क्लिअर्ड टू ट्रॅव्हल" हे शब्द, दवाखान्याचा पत्ता, फोन, सही, तारीख, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर. काकांनी पैसे घेतले नाहीत.

माझ्या टेस्टची एक गंमत. नियमात २४ तास नव्हते, आदला दिवस होता. विमान १९ तारखेला पहाटे १ वाजून १० मिनिटांनी, म्हणजे १८ तारखेला कधीही सॅम्पल दिलं तरी चाललं असतं. मुंबईहून मध्यरात्रीनंतरचं विमान असलं की हा फायदा होता, टेस्ट नाशिकलाच करून निघता यायचं. सकाळी आठला अँटीजेन, दहाला निगेटिव्ह रिपोर्ट हातात. एअरपोर्टवर करू म्हणून थांबायचं नव्हतं. आणि विमान शक्यतो डायरेक्ट घेतलेलं बरं होतं, मधे दुसऱ्या देशात उतरायचं असलं तर त्यांचे नियम वेगळे, तिथे बरं झाल्याचं पत्र चालेलच असं नव्हतं.

दुपारी साडेतीनला पाथर्डी फाट्याहून निघालो. दुसऱ्या दिवशी शिवजयंती, हायवेवर ज्योत घेऊन धावणारी पोरं, झेंडे, मजा वाटत होती. कसारा घाट ठीक. पडघा टोल सोडला आणि ठाण्याच्या माजिवड्यापर्यंत जे काही झालं त्याला रस्ता म्हणत नाहीत. नाशिकहून एअरपोर्टला चार तास धरतात, आम्हाला साडेसहा लागले. पाच तास धरून वर एक तास हातात ठेवा, "गुगल पावणेचार दाखवतंय" ऐकायचंच नाही.

आणि मग काउंटर. पोरीने माझं सगळं दोन मिनिटात केलं, आईचा कागद घेतला, "पॉझिटिव्ह" वाचलं आणि पहिल्यांदा स्वतःचा मास्क वर ओढला. मग म्हणाली, मॅडमना जाता येणार नाही. मी पत्र दाखवलं, ती म्हणाली निगेटिव्हच लागतो. सीडीसीचं पान प्रिंट काढून नेलं होतं म्हणून वाचलो. सुपरवायझर येईपर्यंत पन्नास मिनिटं, आई व्हीलचेअरवर बसून जप करतेय, मागचे लोक आमच्यापासून सहा फूट नाही, सोळा फूट लांब. साहेबांनी पान वाचलं, कुणालातरी फोन केला, मग शांतपणे "ओके आहे" म्हणून निघून गेले. सॉरी वगैरे नाही. प्रिंट न्याच, मोबाईलवर दाखवलेलं कुणी मनावर घेत नाही. फक्त १७ जानेवारीचा रिपोर्ट दाखवला, १० फेब्रुवारीचा घरीच ठेवला होता, काकांनीच सांगितलेलं की तो काढलास तर नवीन इन्फेक्शन की जुनं यावर रात्रभर वाद होईल.

न्यूअर्कला त्या पत्राकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. डिंकाच्या लाडवांचा डबा मात्र उघडायला लावला.

तिथले तीन आठवडे छान गेले, भाचा झाला. परतीला १४ फेब्रुवारी २०२२ पासून नियम सोपा झाला होता, एअर सुविधावर (भारतात येणाऱ्यांनी भरायचा सरकारी ऑनलाइन फॉर्म) दोन्ही डोसचं सर्टिफिकेट अपलोड केलं की आरटीपीसीआर लागत नव्हती. कोविनवर (लसीकरणाचं सरकारी पोर्टल) जाऊन सर्टिफिकेटला पासपोर्ट नंबर आम्ही निघण्याआधीच जोडला होता.

तेव्हा कुणाला घाई असली तर आधी कपाटातला रिपोर्ट काढायचा आणि सॅम्पलच्या तारखेपासून ९० दिवस मोजायचे. आईचा १७ एप्रिलपर्यंत चालला असता. माझ्यासारखं किटवर भागवलं असलं तर निघायच्या तीन-चार दिवस आधी घरी अँटीजेन किट करून अंदाज घ्यायचा, ते बहुतेक लवकर निगेटिव्ह होतं, पण आरटीपीसीआरच्या वाटेला जायचं नाही.