रोजकीर्द, खतावणी आणि गोष्ट

माझं कथा लिहिणं का थांबलं याचं कारण मला सापडलं नाही, आणि आता मी ते शोधतही नाही. दिवाळी अंकांत चार-सहा कथा येऊन गेल्या होत्या, ओळखीचे लोक 'यंदा कुठल्या अंकात?' म्हणून विचारायला लागले होते, आणि नेमकी त्याच सुमाराला वही कोरी राहायला लागली. आजारपण नव्हतं, कुठलं मोठं दुःख नव्हतं. कॉलेज, पेपर तपासणी, सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन हे सगळं चालू होतं, पण तसं ते पूर्वीही असायचं आणि तेव्हा मी लिहीत होते. 'सुचेल तेव्हा लिही, घाई काय आहे' असं सगळे सांगायचे. घाई असते. संपादकांची पत्रं मे-जूनमध्ये येतात, पावसाळ्यात मुदत संपते, आणि सुचायची वाट बघणारी बाई तोवर गौरी-गणपतीच्या तयारीला लागलेली असते.

माझी एक वर्गमैत्रीण पुण्यात भाषांतरं करते. तिने पहिला उपाय सांगितला तो सकाळच्या पानांचा. ज्युलिया कॅमेरॉन या अमेरिकन लेखिकेने १९९२ च्या 'दि आर्टिस्ट्स वे' या पुस्तकात तो दिलाय: उठल्याबरोबर हाताने तीन पानं लिहायची, डोक्यात येईल ते, न थांबता. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी सहाला येतं आणि पाऊण तासात जातं, त्यामुळे 'उठल्याबरोबर' या शब्दाची जरा ओढाताण झाली, पण पानं भरली. नंतर चाळली तेव्हा पानोपानी तेच ते. झोप झाली नाही. टाच दुखते. अमक्याने स्टाफरूममध्ये असं म्हणायला नको होतं. ती पानं कलाकृती म्हणून लिहायचीच नसतात, हे कॅमेरॉनबाई स्वतःच बजावतात, तेव्हा दोष त्यांचा नाही. मला हवं होतं ते त्यात नव्हतं, एवढंच.

जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात कॉलेजच्या मुलांना ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगांबद्दल लिहायला लावलं होतं. पुढच्या काही महिन्यांत त्या मुलांच्या डॉक्टरकडच्या फेऱ्या कमी झाल्या. लिहून मन हलकं होतं यावर माझा विश्वास आहे. पण मन हलकं करायची वही वेगळी आणि गोष्टीसाठी माल साठवायची वही वेगळी, असं माझं ठाम मत झालंय. पहिलीत सगळं 'मी'बद्दल असतं. दुसरीत 'मी' जितकी कमी तितकं बरं.

ही दुसरी वही कशी ठेवायची ते मला माझ्याच पोटापाण्याच्या विषयात सापडलं. मी कोरेगावला एका ज्युनिअर कॉलेजात पुस्तपालन शिकवते, साताऱ्याहून एसटीने जाऊन-येऊन. अकरावीला आम्ही पहिल्यांदा रोजकीर्द शिकवतो. व्यवहार ज्या दिवशी घडला त्या दिवशी, घडला त्या क्रमाने लिहायचा, आणि खाली एका ओळीत त्याचं स्पष्टीकरण द्यायचं. मग खतावणी: तीच नोंद उचलून ज्याच्या त्याच्या खात्यावर घालायची आणि रोजकीर्दीतल्या रकान्यात खातेवहीचा पान नंबर टाकायचा. नंबर नसेल तर खतावणी राहिलीय हे बघताक्षणी कळतं. वर्षानुवर्षं फळ्यावर हे रकाने आखते आहे. एका शनिवारी घरी येऊन तेच रकाने दोनशे पानी लाँगबुकात आखले.

नियम थोडेच. रोज एक नोंद, तीन-चार ओळींची. दिसलेलं किंवा ऐकलेलं लिहायचं, वाटलेलं नाही. विशेषणं शक्यतो नाहीत. माणूस बोलला असेल तर त्याचे शब्द त्याच्याच बोलीत. गाडीत हात हलतो, अक्षर लागत नाही, म्हणून नोंद स्टँडच्या बाकावर किंवा दोन तासांच्या मधल्या वेळात. आणि रविवारी खतावणी. सुरुवातीला मी हौसेने 'आनंद', 'भीती', 'एकटेपणा' अशी खाती उघडली होती. त्यांत काहीच जमा होईना. नोंद हातात घेऊन हिला कुठे घालू म्हणत बसायची वेळ यायची. मग खाती बदलली: 'पैसे', 'हात', 'भांडणं', 'पिशव्या', 'वाट बघणं', 'फोनवरचं एकतर्फी बोलणं'. ही भराभर भरली. 'पिशव्या' हे खातं उघडताना मलाही हसू आलं होतं, पण एसटीने जाणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य पिशवीत असतं. कोरेगावकडचा वाघ्या घेवडा पोत्यात, डबा पिशवीत, औषधं वेगळ्या पिशवीत, आणि महत्त्वाचं काही असेल तर पिशवीच्या आत पिशवी.

नुसत्या नोंदींनी गोष्ट होत नाही, हेही लवकरच दिसलं. माल साठत गेला आणि पडून राहिला. त्याला हलवायला बाहेरून काहीतरी लागतं, आणि तिथे मैत्रिणीचा दुसरा उपाय आला: लेखनाला चालना देणारे विषय, ज्यांना हल्ली सगळे प्रॉम्प्टच म्हणतात. तिने मला इंग्रजीतली एक भली मोठी यादी पाठवली. त्यातलं बरंचसं असं: बर्फाच्या वादळात मोटेलमध्ये अडकलेले दोन अनोळखी, पोटमाळ्यावर सापडलेली प्रेमपत्रं, तळ्याकाठच्या घरातला शेवटचा उन्हाळा. मी प्रामाणिकपणे बसले. बर्फाचं वादळ मी पाहिलेलं नाही. उन्हाळा संपावा अशी इच्छा असलेल्या माणसाला शेवटच्या उन्हाळ्याची हुरहुर कशी लागणार? जे लिहून होई ते भाषांतरित कथेसारखं वाचायला लागे, तेही वाईट भाषांतराच्या.

वास्तविक दिलेल्या ओळीवरून लिहिणं आपल्याला नवं नाही. संस्कृतातली समस्यापूर्ती दुसरं काय आहे? शेवटचा चरण कोणीतरी द्यायचा, उरलेला श्लोक कवीने रचायचा. भोजाच्या दरबारात कालिदासाला नुसते 'ठंठंठठंठं' असे ध्वनी दिले आणि त्याने रामाच्या अभिषेकाच्या गडबडीत एका तरुणीच्या हातून सुटून पायऱ्यांवरून गडगडणारा सोन्याचा घडा उभा केला, ही दंतकथा शाळेत संस्कृत घेतलेल्या बहुतेकांनी ऐकलेली असते. जात्यावर बसणाऱ्या बाया 'पहिली माझी ओवी' असं म्हणून सुरुवात करत. तेवढं तोंडात तयार असलं की पुढचं आपसूक यायचं. गी पॉयट्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडी फिरून अशा लाखाच्या वर ओव्या जमवल्या. त्या बायांना सुचत नाही म्हणून दळण थांबवायची मुभा नव्हती, हेही इथेच नोंदवून ठेवते. आणि आपल्या दहावीच्या पेपरातलं कथालेखन? मुद्दे देतात, कधी नुसती सुरुवात देतात, आणि पोरं दहा मिनिटांत गोष्ट लिहून मोकळी होतात. फक्त शेवटी तात्पर्य टाकायची सवय लागते ती पन्नाशीपर्यंत सुटत नाही. माझ्या कित्येक कथांचा शेवटचा परिच्छेद मी तात्पर्य म्हणून खोडला आहे.

तेव्हा मी आणि मैत्रिणीने ठरवलं की विषय आपले आपण काढायचे. तिच्याकडे एक श्रीखंडाचा रिकामा डबा, माझ्याकडे एक. चिठ्ठ्या लिहून एकमेकींना द्यायच्या, दर आठवड्याला एक उघडायची, पान-दीड पान लिहायचं आणि फोनवर वाचून दाखवायचं. पहिल्या खेपेला तिने 'आठवण', 'पाऊस' असले विषय घातले. मी म्हटलं, "अगं, हे काय निबंध स्पर्धेला देतेस का?" विषय जितका मोठा तितकं पेन अडतं. 'पाऊस' म्हटलं की आधी लिहून गेलेले सगळे कवी खांद्यावरून डोकावतात. 'शेजारणीकडे विसरलेली छत्री मागायला जायचं आहे' म्हटलं की कोणी डोकावत नाही.

विषयांची सगळ्यात चांगली खाण मला वर्तमानपत्रात सापडली, आणि तीही बातम्यांत नाही, तर जाहीर नोटिसांत. 'तमाम लोकांस कळविण्यात येते की' या शब्दांनी सुरू होणारा तो चौकोन कोणी वाचत नाही. हरकत घ्यायला चौदा-पंधरा दिवसांची मुदत, खाली वकिलाची सही. आत घरंच्या घरं मोडलेली असतात. मुलगा ताब्यात नाही, त्याच्याशी व्यवहार करू नये. अमुक बाईंनी नाव बदललं. भावाभावांत वाटणी झालेली नसताना एकाने परस्पर विसार घेतला. यातली एक नोटीस मी कापून डब्यात टाकली होती. एका शेतजमिनीचं मूळ खरेदीखत 'प्रवासात गहाळ' झालं होतं.

चिठ्ठी निघाली तेव्हा मी 'प्रवासात' या शब्दापाशी अडले. खरेदीखत घेऊन कोण प्रवास करतं? कपाटात, पेटीत, फार तर बँकेच्या लॉकरमध्ये ठेवायची वस्तू ती. मग खातेवही उघडली, 'पिशव्या'. तिथे कित्येक महिन्यांपूर्वीची नोंद होती, ती जशीच्या तशी देते:

'सातारा स्टँड, कोरेगाव गाडी. पुढच्या सीटवर म्हातारी. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, तोंडाकडून दुसरी पिशवी उलटी चढवलेली. कंडक्टर: वर ठेवा की आजी. ती: न्हाई, कागदं हायती. सगळा रस्ता दोन्ही हात पिशवीवर. नाक खाजलं तर खांद्याला घासलं.'

त्या खांद्याला घासलेल्या नाकावरून कथा सुरू झाली. म्हातारी तालुक्याला निघालीय, मुलांनी जमीन विकायला काढलीय, येताना पिशवी रिकामी. पहिला खर्डा एका बैठकीत झाला, जे माझ्या बाबतीत फार दिवसांत घडलं नव्हतं. तो मी कॉलेजातल्या एका सहकाऱ्यांना वाचायला दिला. त्यांनी वकिलीची परीक्षा दिलेली आहे. ते म्हणाले, "मॅडम, दस्त नोंदवलेला असेल तर दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल मिळते. अर्ज करायचा, फी भरायची. कागद हरवून विक्री थांबत नाही, फार तर लांबते." माझी कथा संपलीच म्हणा ना. दोन दिवस तशीच पडून होती. मग लक्षात आलं की म्हातारीलाही हे माहीत असू शकतं. तिला विक्री थांबवायचीच नाही. नक्कल, जाहीर नोटीस, हरकतीची मुदत, या सगळ्यात जेवढे दिवस जातील तेवढे तिला हवेत, कारण रानात शाळू उभा आहे आणि तो तिला स्वतःला काढायचा आहे. यातलं जाहीर नोटिशीने मला नुसतं दार दिलं. आतली बाई वहीत आधीपासून बसलेली होती, आणि तिची अक्कल मात्र दुय्यम निबंधक कार्यालयाच्या कारभारातून आली. ही कथा एका अंकाने घेतली, दुसऱ्या एकाने त्याआधी लांबीच्या कारणाने परत केली होती. कापल्यावर बरी झाली हे खरं.

आणखी एका प्रकारच्या चिठ्ठ्या मैत्रिणीने आणल्या, बंधनाच्या. १९६० मध्ये फ्रान्समध्ये लेखक आणि गणितज्ञांनी मिळून उलिपो नावाचा गट काढला. मुद्दाम अट घालून घ्यायची आणि त्यात राहून लिहायचं, हे त्यांचं काम. त्यातल्या जॉर्ज पेरेकने १९६९ मध्ये फ्रेंचमधलं सर्वांत जास्त लागणारं 'ई' (e) हे अक्षर एकदाही न वापरता आख्खी कादंबरी लिहिली. आमची झेप तेवढी नाही. आम्ही अट घातली, एक पान 'आहे' आणि 'होतं' न वापरता. आधी मी लिहिलं होतं, 'खोलीत अंधार होता. कोपऱ्यात पलंग होता.' अट पाळल्यावर झालं, 'पलंगाच्या कडेला गुडघा आपटला तेव्हा कळलं, बल्ब गेलाय.' मी खूश. मैत्रीण भाषांतरकार, ती सोडते थोडीच. "गेलाय मधला य कुठून आला? गेला आहेच ना तो? चोरून आणलास." मग 'बल्ब गेला' केलं. वाक्य आणखी चांगलं झालं. हा व्यायाम मी आता कथेच्या दुसऱ्या खर्ड्यावर नेहमी करते. नंतर बरेचसे 'आहे' परत आत येतात, पण जरुरीचे तेवढेच.

काही गोष्टी जमल्या नाहीत. ऐतिहासिक पात्राला पत्र लिहिणे, निर्जीव वस्तूचं आत्मवृत्त, यांत पुन्हा शाळा सुरू होते, चिठ्ठी उघडली की मी ती सरळ परत टाकते. अमेरिकेत १९९९ मध्ये महिन्याभरात पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहायची टूम निघाली होती, आणि पुढच्या वर्षापासून त्यासाठी नोव्हेंबर ठरला. आमच्या बाजूला दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात येते आणि सुट्टी फराळातच जाते, म्हणून त्या वाटेला गेलेच नाही. मोबाईलवर नोंदी ठेवून पाहिल्या, त्या शोधायला सोप्या, पण खतावणी करताना हाताने पुन्हा लिहावं लागतं तेव्हा नोंद जी डोक्यात बसते ती मोबाईलवर बसत नाही. हे माझ्यापुरतं. मैत्रिणीचं सगळं लॅपटॉपवर चालतं आणि ती माझ्यापेक्षा जास्त लिहिते.

परीक्षेच्या दिवसांत गोष्ट होत नाही. तेव्हा नुसती रोजकीर्द चालू ठेवते, कधी दोनच ओळी, कधी नुसतं एक ऐकलेलं वाक्य. खतावणी तुंबते, रकाने रिकामे दिसतात, ते मे महिन्यात बसून भरते. त्या बैठकीत दोन नोंदी शेजारी येतात आणि काहीतरी खटकन जुळतं, असं आजवर चिठ्ठीपेक्षाही जास्त वेळा झालंय.

या आठवड्याची चिठ्ठी मैत्रिणीच्या अक्षरात आहे: 'शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवलेलं आपलं पातेलं.' तिला फोनवर वाचून दाखवायची मुदत रविवारपर्यंत. 'भांडणं' खात्यावर दोन नोंदी बऱ्या दिसतात, 'वाट बघणं'मध्ये एक. मधल्या सुट्टीत तिन्ही पुन्हा वाचते.