मोर्चात अडकलेली व्हॅन अन् नागरिकशास्त्र

परवा ताईच्या पोराचा नागपूरहून व्हिडिओ कॉल आला, दुसऱ्या दिवशी नागरिकशास्त्राची टेस्ट, तर गडी डोळे मिटून विधानसभा 288, विधानपरिषद 78 असं घोकत होता. मधेच म्हणतो, मावशी आज लय उशीर झाला न, मोर्चात व्हॅन अडकली होती. कोणाचा मोर्चा रे? "काय माहीत, व्हॅनवाले काका नुसते चिडत होते."

हसूच आलं मला, कारण आमचंही तेच होतं. डिसेंबर आला की अधिवेशन, यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघणार, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवणार, आणि आम्ही वर्गात त्याच विधिमंडळाचा धडा पाठ करतोय, पण बाहेर माणसं काहून ओरडून राहिली हे ना बाईंनी कधी काढलं ना आम्ही.

इकडे जर्मनीत, श्टुटगार्टला लेकीच्या वर्गात डिबेट होती, 16व्या वर्षी मत देऊ द्यावं का. (या राज्यात गावपातळीच्या निवडणुकीत 2014 पासून देतातच.) ही पूर्ण बाजूनं, अन् सरांनी नेमकं हिलाच विरोधात बोलायला लावलं. घरी येऊन दप्तर आपटलं, मग नागपूरला आजोबांना फोन, आणि बाबा जे सुरू झाले "पोट्ट्यांना काय कळते", तिनं सगळं लिहून घेतलं! सरांचं स्वतःचं मत काय ते वर्गाला अजून माहीत नाही. यामागं इथला जुना दंडक आहे, आमच्या एस-2 लोकलवर बॉयटेल्सबाख नावाचं द्राक्षमळ्यांचं गाव लागतं, तिथं 1976 मध्ये ठरलं की मुलांवर आपलं मत लादायचं नाही, आणि समाजात ज्यावर वाद आहे त्यावर वर्गातही वाद दिसला पाहिजे.

1999 मध्ये 28 देशांतल्या 14 वर्षांच्या जवळपास 90,000 मुलांचा अभ्यास झाला होता, त्यातही वर्गात मोकळी चर्चा होते तिथल्या मुलांना नागरिकशास्त्र जास्त येत होतं आणि मोठं झाल्यावर मत देऊ म्हणणारीही ती जास्त होती. म्हणजे चर्चेत वेळ गेला की पोर्शन राहतो ही आपली भीती तितकीशी खरी नाही. पण पाठांतराला मी नावं ठेवणार नाही हं, लेकीला विचारलं तुमच्या राज्याच्या विधिमंडळात सभागृहं किती, तर म्हणे गूगल करू का? (एकच आहे.) भाच्याला झोपेतून उठवून विचारा, आपली दोन सांगेल.

काल त्याचा परत फोन. पेपर सोपा होता म्हणे. "अन् मावशी, तो मोर्चा अंगणवाडीवाल्या बायांचा होता, काकांना विचारलं मी. त्यांची वहिनीच होती त्यात."