पाय चुकला

काल रात्री झोप नीट लागली नाही. तसं झालं काहीच नाही. कुणाला लागलं नाही, गाडीला ओरखडासुद्धा नाही. पण साताऱ्यात समर्थ मंदिराच्या चौकात माझा पाय चुकला.

बुलेटवरून यवतेश्वरचा घाट उतरून आलो होतो. थर्डमध्ये होतो. पुढं रिक्षा थांबली आणि मी उजवा पाय दाबला. आपल्या जुन्या बुलेटला उजवीकडं गिअर, ब्रेक डावीकडं. गाडी थांबायच्या ऐवजी खट्कन चौथा पडला. पुढचा ब्रेक कचकन दाबला म्हणून निभावलं. रिक्षावाल्याला पत्ताही नाही. मी मात्र कडेला घेऊन दहा मिनिटं बसून राहिलो.

इतकी वर्षं तीन गाड्या आलटून पालटून चालवल्या. यामाहाच्या आरएक्स १०० चा गिअर डावीकडं. येझदीचाही डावीकडंच, पण तोच दांडा आत दाबून वर फिरवला की किक. बुलेट दोघींच्या उलट. कधी आठवावं लागलं नाही. सीटवर बसलं की पायाला कळायचं आज कोण आहे. मला हेच फार आवडायचं. कुणाला बोललो नाही कधी, पण या गाड्या ठेवण्यामागं तेही एक कारण होतं.

म्हैसूरचा येझदीचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. आरएक्सही त्याच वर्षी थांबली. तेव्हापासून एकही विकायची छाती झाली नाही. गेली ती परत मिळायची नाही, एवढंच डोक्यात. प्रशांत म्हणतो, येझदी तरी दे. ते असो.

दिवाळीपासून आरएक्सच फिरवतोय, पायाला तिची सवय लागली असणार. पण पूर्वीही महिनोन् महिने एकच गाडी चालवली आहे, तेव्हा नाही चुकला. मग आत्ताच का? गुडघ्याचं समजू शकतो. हल्ली बुलेटला किक मारताना अ‍ॅमीटरचा काटा मध्ये आणायचा, डिकॉम्प्रेसर, म्हणजे इंजिनातला दाब मोकळा करायचा खटका, सोडायचा आणि मग मनाची तयारी करायची, हेही चालवून घेतलं. पण पायानं विसरावं?

आज दुपारी बुलेटचे इग्निशनचे पॉइंट साफ करायला बसलो आणि नाना आठवले. बुलेट आणली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी असाच उजवा पाय दाबला होता, मंडईजवळ. नाना ओरडले नाहीत. गाडी मेन स्टँडवर लावून मला संध्याकाळभर वर बसवलं. इंजिन बंद. 'ब्रेक' म्हणाले की डावा, 'गिअर' म्हणाले की उजवा. शेवटी टाचेनं न्यूट्रल. अंधार पडेपर्यंत.

म्हणजे हे पायाला जन्मतःच येत नव्हतं. कुणीतरी बसून शिकवलेलं होतं. हे मी साफ विसरलो होतो, आणि काल चुकला नसता तर आठवलंही नसतं.

संध्याकाळी बुलेट मेन स्टँडवर चढवली. चढवताना दम लागला. वर बसलो आणि स्वतःशीच मोठ्यानं म्हणत राहिलो. ब्रेक. गिअर. ब्रेक. ब्रेक. बायको खिडकीत आली, थोडा वेळ बघत उभी राहिली.

"मी म्हणू का?" म्हणाली.

चष्मा घेऊन बाहेर आली, पायरीवर बसली.