जुन्या कडीची तुतारी

गेल्या जानेवारीत अमावास्येच्या रात्री ठाणे खाडीकाठी, कांदळवनामागच्या बांधावर आम्ही जाळी लावून बसलो होतो. भरती चढली की चिखलावर चरणारे पक्षी विसाव्यासाठी आत सरकतात आणि काळोखात त्यांना जाळी दिसत नाही, म्हणून त्यांच्या पायात ओळख क्रमांकाची कडी चढवण्याच्या कामाला हीच वेळ सोयीची असते. दोनच्या सुमारास मी कापडी पिशवीतून एक कर्ल्यू सँडपायपर, म्हणजे बाकदार चोचीची तुतारी, बाहेर काढली, तर तिच्या पायात कडी आधीच होती.

नखाने चिखल खरवडून क्रमांक वाचला आणि वही चाळली. सहा वर्षांपूर्वी, याच बांधावर, ती कडी मीच चढवली होती. तेव्हाच प्रौढ असलेला हा 55 ग्रॅमचा जीव त्यानंतर सैबेरियाच्या टुंड्रात जाऊन जाऊन परतत राहिला होता, आणि माझ्या मुठीत त्याचे काळीज असे धडधडत होते की ठोके मोजणे शक्य नव्हते.

चोचीचे माप तेव्हाइतकेच भरले. "मॅडम, तापमानवाढीमुळे पक्षी लहान होतात ना? मग ही तेवढीच कशी?" आमच्या विद्यार्थिनीने विचारले. प्रश्न अगदी योग्य होता. वाढ पुरी झालेला पक्षी आखडत नाही. फरक पडतो तो पुढच्या पिढीत. रेड नॉट या तुतारीच्याच भाईबंदाचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. सैबेरियातल्या तैमिर द्वीपकल्पावरचे बर्फ 33 वर्षांत सुमारे दोन आठवडे आधी वितळू लागले, त्यामुळे कीटकांचा सुकाळ पिल्ले अंड्यातून निघण्याआधीच सरू लागला, आणि अर्धपोटी वाढलेल्या पिल्लांची शरीरे लहान व चोची आखूड राहिल्या. हीच पिल्ले हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर उतरतात, तेव्हा वाळूत खोल दडलेल्या शिंपल्यांपर्यंत त्यांची चोच पोहोचत नाही. ती समुद्री गवताची मुळे खाऊन दिवस काढतात आणि लांब चोचीच्या पिल्लांपेक्षा त्यांतली कमी जगतात. याला पक्ष्यांनी हवामानाशी जुळवून घेतले असे म्हणणे मला पटत नाही. ही उपासमारीची खूण आहे. आमच्या तुतारीचेही घरटे त्याच टुंड्रात असते, मात्र तिच्याबाबत तेच घडते आहे असे म्हणायला अशी हजारो मापे लागतील.

तुतारी सोडली, ती खाडीकडे झेपावली. पुढच्या पिशवीत पंखांवर फिकट पिवळसर कडांची पिसे उरलेला, मागच्या उन्हाळ्यातच जन्मलेला पक्षी निघाला. त्याची चोच मी दोनदा मोजली.