सतरा अक्षरं, सहा काचा

माझं दुकान रेडियमचं. कोल्हापुरात, उद्यमनगरापासून हाकेच्या अंतरावर. वीस वर्षं रिक्षांवर ‘जोतिबाच्या नावानं चांगभलं’ कापून चिकटवलं, हौशी पोरांना ४९१२ चा ‘पवार’ आणि ४१४१ चा ‘दादा’ करून दिला. ते नियमात बसत नाही हे मलाही ठाऊक होतं आणि त्यांनाही. पण चूल पेटायची ती साध्या नंबरप्लेटवर. २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी आली तेव्हा जोडधंदा गेला होता. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना हाय सिक्युरिटी प्लेट शोरूममधूनच बसून यायला लागली आणि मूळ धंदाच अर्धा झाला. पुढे जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली. मुदत वाढत राहिली, पण प्लेटी काही माझ्याकडे परत आल्या नाहीत. अक्षरं कापायचं मशीन, म्हणजे प्लॉटर, कोपऱ्यात धूळ खात पडला.

अशात एक जुनी मारुती ८०० स्टिकर खरडून काढायला आली. तिच्या प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात गाडीचा नंबर पांढुरका कोरलेला. स्टिकर नव्हे, काचेतच. मालक म्हणाले, घेतली तेव्हाच ॲक्सेसरीवाल्याकडून मारून घेतला होता, चोरीची भीती म्हणून. मी बोट फिरवून बघितलं. वीस-पंचवीस वर्षं ऊनपाऊस खाऊन अक्षर जसंच्या तसं होतं. नंबर लिहिणं हा तर माझाच धंदा. प्लेटवरचा गेला, काचेवरचा करू, असं त्या दिवशी ठरवलं.

आधी शिकायला हवं होतं. पहिली चूक म्हणजे हातातलं कोरायचं मशीन आणलं. दारांच्या काचा टफन केलेल्या असतात. बाहेरचा थर दाबाखाली आणि आतला ताणाखाली, म्हणून तर ती काच मजबूत. पण तो वरचा थर खोल फुटला की सगळी काच एकदम जाते, आणि कडेला तर ती फारच नाजूक. भंगारवाल्याकडून आणलेल्या चार काचांवर हात बसला असं वाटलं, म्हणून पाचवं काम मेव्हण्याच्या गाडीवर केलं. कडेच्या जवळ दुसरं अक्षर कोरत होतो. आवाज झाला आणि दारात काचेऐवजी सीटवर तांदळासारखे दाणे. मेव्हणा काही बोलला नाही. बायको मात्र आठवडाभर बोलली.

मग कोरणं सोडून पेस्टवर आलो. प्लॉटरवर अक्षरांचा स्टेन्सिल कापायचा, काचेवर चिकटवायचा, वर काच खाणारी पेस्ट लावायची आणि दोन-तीन मिनिटांनी धुऊन काढायची. फक्त वरचा पातळ पापुद्रा खरखरीत होतो, काचेच्या ताकदीला धक्का लागत नाही. ऐकायला सोपं. पण पहिला जुलै आला आणि कोल्हापूरच्या पावसानं इंगा दाखवला. दमट काचेवर स्टेन्सिलची कड उचलते, पेस्ट खाली शिरते आणि ‘६’ चा ‘८’ होतो. आता आधी काच स्पिरिटनं पुसतो, मग बायकोचा केस वाळवायचा ड्रायर फिरवतो. (तो तिला परत मिळालेला नाही.) पेंटवर आणि रबरावर ओघळ जाऊ नये म्हणून खाली ओल्या फडक्याची पट्टी.

ही पेस्ट साधी नव्हे. तिच्यात फ्लोराइडचा क्षार असतो. कातडीला लागली तर लगेच झोंबतही नाही, आणि तेच वाईट, कारण ती आत हाडापर्यंत जाऊ शकते. कारागीर पोरगं पहिल्या दिवशी हातमोजे न घालता डबा उघडत होतं, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा दुकानात ओरडलो. आता त्यावर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल गल्ल्याशेजारी असते, आणि मोज्याशिवाय डब्याला हात नाही.

यानंतर खरा प्रश्न आला : कोरायचं काय? गिऱ्हाइकाला हवा असतो एमएच ०९ वाला नंबर. तो त्याला पाठ असतो, लकी असतो, त्याच्यासाठी पैसे मोजलेले असतात. पण निपाणी इथून चाळीसेक किलोमीटरवर. आमच्या इथल्या कितीतरी गाड्या तिकडे विकल्या जातात, आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त राहिली की गाडीला तिथला नंबर घ्यावा लागतो. मग पुढे केएची प्लेट आणि काचांवर एमएच. नव्या मालकाला प्रत्येक नाक्यावर उत्तरं देत बसायची. चेसिस नंबर, म्हणजे कंपनीनं गाडीच्या सांगाड्यावरच ठोकलेला नंबर, मात्र गाडी भंगारात जाईपर्यंत बदलत नाही. सतरा अक्षरं, त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू नसतात, एक आणि शून्याशी गोंधळ होऊ नये म्हणून. म्हणून मी चेसिस नंबरच मारतो, पूर्ण सतरा.

गोंधळ तरीही होतोच. तिसऱ्या महिन्यात एका डॉक्टरांनी आरसीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. फोटो अंधुक होता. मी ‘बी’ला आठ वाचलं आणि सहाही काचांवर आठ मारला. पॉलिश करून काढायला गेलो, तर तिथून बघितलं की बाहेरचं झाड वाकडं दिसायला लागलं. पुढची काच तेवढी त्यांनी माफ केली, बाकी पाच माझ्या खिशातून. तेव्हापासून आरटीओ एजंटांची पद्धत उचलली. गाडीवर ठोकलेल्या चेसिस नंबरावर, म्हणजे पंचवर, कागद धरून पेन्सिल फिरवायची, तो ठसा सेलोटेपनं वहीत लावायचा, आरसीशी एकेक अक्षर मोठ्यानं वाचून ताडायचं, आणि खाली गिऱ्हाइकाची सही. पोरगं वाचतं, मी बघतो. पुन्हा उलट. कुणी घाई केली तर चहा मागवतो.

यानं चोरी थांबते का, हे प्रत्येकजण विचारतो. नाही थांबत. रात्री दोन वाजता कुलूप फोडणारा काच वाचत बसत नाही. चोराची अडचण पुढे येते. अपघातात टोटल लॉस झालेली गाडी कागदांसकट विकत घ्यायची, त्याच मॉडेलची, त्याच रंगाची दुसरी गाडी चोरायची आणि मेलेल्या गाडीचा चेसिस नंबर तिच्यावर चढवायचा, हा जुना खेळ आहे. कागद खरे असतात, म्हणून ऑनलाइन तपासणीतही सगळं बरोबर दिसतं. पण सहा काचांवर दुसराच नंबर असला तर सहाही बदलाव्या लागतात. त्यात खर्च आहे, वेळ आहे, शिवाय काचेवर कंपनीच्या शिक्क्यात बनवल्याच्या वर्षाची खूण असते. गाडी जुनी आणि सगळ्या काचा नव्या, हे जाणत्या माणसाच्या नजरेला खटकतं. गल्लीतल्या एका हवालदारांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, “आम्ही बघतो पंच. पण काच एक बोलत्या आणि पंच दुसरंच, असं दिसलं की गाडी बाजूला घ्या म्हणणार की.”

गिऱ्हाइकाला मी एवढंच सांगतो. त्यामुळे निम्मे निघून जातात.

एका शोरूमच्या मॅनेजरला हे पटलं नाही. त्याला माझं काम ॲक्सेसरी पॅकेजमध्ये घालायचं होतं. मी सहा काचांचे सहाशे घेतो, तो बिलात अडीच हजार लावणार. वर म्हणाला, “इन्शुरन्स कमी होतो म्हणून सांगा, लगेच खपतंय.” आपल्याकडे सवलत मिळायची ती गाड्या तपासणाऱ्या एआरएआय या संस्थेनं मान्य केलेलं चोरीरोधक उपकरण बसवलं तर, ओन डॅमेज प्रीमियमच्या (आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्याच्या) अडीच टक्के आणि जास्तीत जास्त पाचशे रुपये. काचेवर अक्षरं मारून ती मिळत नाही. अमेरिकेत काही राज्यांत मिळते, पण तिकडेही डीलर हेच काम शेकडो डॉलरला गळ्यात मारतात, असं माझा मामेभाऊ चिडून सांगत होता. त्यानं बिलावरची ओळ वाचली नव्हती. मी मॅनेजरला म्हटलं, पावतीवर ‘काचेवर चेसिस नंबर’ असं वेगळं लिहा आणि नको म्हणणाऱ्याला लावू नका. त्यानं पुन्हा फोन केला नाही.

मागच्या दिवाळीआधी मात्र वेगळंच झालं. संध्याकाळी एक पांढरी गाडी आली. सहाही काचा कोऱ्या करकरीत. चालवणारा म्हणाला, “जुन्या काचा गारपिटीत गेल्या, नंबर टाकून द्या.” टपावर, बॉनेटवर मात्र एक पोचा नव्हता. ठशासाठी कागद-पेन्सिल काढली तर म्हणाला, कशाला, मी सांगतो की नंबर. आरसी मागितली तर मोबाईलवर फोटो. मी म्हटलं, मूळ आरसी किंवा डिजिलॉकर दाखवा. “घरी आहे, आणतो” म्हणून गेला. मी प्लेटचा नंबर वहीत लिहिला आणि हवालदारांना दाखवला. पुढे त्याचं काय झालं, मला कळलं नाही. पण त्या रात्री लक्षात आलं की काचेवर नंबर मारणारा माणूस चोरालाही तितकाच उपयोगी आहे. तेव्हापासून मूळ कागद नाही तर काम नाही, पाहुणा असो की नगरसेवक.

महिन्याला पंधरा-वीस गाड्या होतात. त्यावर घर चालत नाही, पण प्लॉटर चालतो. काच फुटली तर ती पुन्हा मोफत मारून देतो, हे मी सुरुवातीला जोशात बोलून बसलो आणि आता निभावतोय. परवा शिरोळकडचे एक काका बोलेरो घेऊन आले. उसाच्या ट्रॉलीतला बुडखा लागून मागच्या दाराची काच गेली होती, नवी बसवून आणली होती. म्हणाले, “बाकी सगळ्यांवर नंबर हाय, हिलाच न्हाई. नाक्यावर पोरगा इचारत हुता, ही कुठली ओ.” वहीत त्यांचं पान सापडलं, ठसा होता. तरी मी पुन्हा कागद-पेन्सिल घेऊन चेसिसपाशी वाकलो.

“अवो, तुमच्याकडं हाय की,” काका म्हणाले.

“असू दे. चहा घ्या तवर.”